बिनवायरचा करंट

दर गुरुवारी संध्याकाळी खापरखेड्यातल्या आमच्या पॉवरहाऊसच्या वसाहतीच्या समाजभवनात सगळी माणसं मिळून धापा टाकायची. कोणी धावत आलेलं नसायचं. स्कूटरवरून उतरून, चपला नीट जोडीने लावून, सतरंजीवर मांडी घालून बसलेली ही माणसं डोळे मिटायची आणि लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसायला लागायची. याला साधना म्हणत. सोबतीला ढोलकी असायची, म्हणजे कोणी मध्येच दमून थांबू नये.

थोड्या वेळाने कोपऱ्यातून पहिली आरोळी यायची, "आला गा, आला!" मग एकेकाचे ओठ थरथरायचे, बोटांना झिणझिण्या यायच्या, मनगट वाकायचं, बोटं आपोआप एकमेकांना चिकटायची आणि अंगठा तळहातात ओढला जायचा. कोणी रडायचं, कोणी हसायचं, कोणी गेलेल्या आईला हाक मारायचं. आणि माइक गरजायचा.

"ना वायर, ना मीटर, ना बिल! बोला भक्तहो, काय आलं?"

"करंट!"

"कोणाचा?"

"महाराजांचा!"

माइकमागे बसलेले गृहस्थ म्हणजे श्री विद्युतेश्वर महाराज. अंगात केशरी झब्बा, छातीवर पितळी सूर्य. लोक लाडाने त्यांना करंटबाबा म्हणत. "ब्रह्मांड म्हणजे जनरेटर, मी ट्रान्सफॉर्मर, अन् तुम्ही सारे बल्ब," असं ते सांगायचे. आपल्याला बल्ब म्हटलेलं लोकांना फार आवडायचं. जुळलेल्या बोटांच्या त्या हाताला महाराजांनी 'कमळमुद्रा' असं नाव दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, जिथे खरीखुरी वीज तयार होते तिथे बिनवायरचा करंट घेतं कोण? तर तिथेच घेतला. दुसऱ्या गावात याला कोणी देवी म्हटलं असतं, कोणी वारं म्हटलं असतं. आमच्या वसाहतीत घरटी एक माणूस असा आहे, ज्याला आयुष्यात कधी ना कधी शॉक बसलाय. झिणझिण्या येतात, हात आवळतो, सोडू म्हटलं तरी सुटत नाही, हे या लोकांना तोंडपाठ. त्यामुळे महाराजांना काही सिद्ध करावं लागलं नाही. लोकांनीच आपल्या अनुभवावरून सिद्ध करून घेतलं.

माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, शालिकरामदादा यात सगळ्यात पुढे. पॉवरहाऊसमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला अख्खी नोकरी घालवलेला माणूस. पहिल्याच गुरुवारी ते खिशात टेस्टर घालून गेले आणि महाराजांच्या दंडाला लावून पाहिला. टेस्टर पेटला नाही. महाराज हसून म्हणाले, "बाळा, हा टेस्टर घरच्या लाइनीचा. सूर्याचा करंट त्याच्यात कसा दिसंल?"

दादा घरी आले ते डोलतच. "पाहिलं का सरिता? मानूस खरा हाय. टेस्टरच लहान पडला."

मी म्हटलं, "दादा, माझी फूटपट्टी समुद्रात बुडली तर समुद्र खोल आहे, एवढंच कळतं. पण इथे समुद्र आहे की नाही, हेच पाहायचं होतं ना?"

"तुले साड्यायतलं समजते, करंटातलं नाही समजत," दादा म्हणाले.

ते खरंच होतं. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून ठोक भावात साड्या आणते आणि वसाहतीत घरोघर विकते. आमचं सासर मूळचं उमरेडच्या कोष्ट्यांचं. सासऱ्यांचा हातमाग होता, तो बंद पडला आणि दोन्ही मुलं पॉवरहाऊसला लागली. साडीचा धंदा मला शिकवला तो माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, दादांच्या बायकोने, पुष्पलताताईंनी. पहिल्या खेपेला इतवारीत मी वरची साडी पाहून गठ्ठा उचलायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. "घडी उलगड वं. वरची बाजू तं सारेच चांगली दाखवतात." तेव्हापासून मी घडी उलगडल्याशिवाय काहीच घेत नाही. महाराजांचं तर पॅकिंगच मला आवडलं नव्हतं.

पण ही गोष्ट माझ्या नावडीची नाही. माझ्या ताईंची आहे.

ताईंच्या हसण्यावरून वसाहतीत पत्ता सांगत. "जिथून हसू ऐकू येईल ते शालिकरामचं घर," असं. मी लग्न होऊन आले, तेव्हा माझी पहिली पुरणपोळी तव्यावर फाटली. सासूबाई स्वयंपाकघराकडे येताना दिसल्या तशी ताईंनी ती उचलून सरळ तोंडात घातली, आणि जीभ भाजली तरी हसत राहिल्या. अशी बाई. गेल्या वर्षी नागपूरला, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना सर्जनने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की या बंद करायच्या नाहीत. ताई नेमाने घेत होत्या.

मग दादांनी त्यांना समाजभवनात नेलं. महाराजांनी गळ्यावरची टाक्यांची खूण पाहिली, गोळ्यांची चौकशी केली आणि कपाळाला हात लावला.

"चुना! माय, तू रोज चुना खाऊन राहिली? अवं, चुना म्हणजे अर्थिंग! मी इकडून करंट देतो, तो तिकडून जमिनीत उतरून राहिला. बंद कर."

विजेच्या माणसाच्या बायकोला अर्थिंग समजावून सांगावं लागत नाही. गोळ्या बंद झाल्या.

काही दिवसांतच चमत्कार घडला. ताईंना समाजभवनात न जाताही करंट यायला लागला. भाजी चिरताना यायचा, वेणी घालताना यायचा. हात वाकायचा, बोटं जुळायची, कमळमुद्रा तयार. वसाहतीत बातमी फिरली. महाराजांनी स्टेजवरून जाहीर केलं, "मी पॉवरहाऊस, अन् पुष्पलतामाय माझं सबस्टेशन!" बाया घरी येऊन ताईंच्या पाया पडायला लागल्या. नारळांचा ढीग लागला. आम्ही महिनाभर चटणी खात होतो.

फक्त ताईंचं हसू बंद झालं. त्या दचकायला लागल्या. भांडं पडलं तरी रडायच्या. एका दुपारी मी गेले, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि पदराचं टोक दातात धरलं होतं.

"सरिता, दारात कोण उभं हाय वं?"

दारात कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं.

"हाय. रोज येते. बोलत नाही, नुसता पाहत राहते." त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं गार होती. "मले काहून भेव वाटून राहिलं, मलेच समजत नाही. लोक म्हणतात देव हाय. देवाचं असं भेव वाटते का वं?"

मला रात्रभर राग येत राहिला, महाराजांचा आणि दादांचा, आणि पाया पडणाऱ्या प्रत्येक बाईचा. पाया पडताना त्यांच्यापैकी एकीनेही ताईंच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हाय व्होल्टेज आलं की सिस्टीमवर लोड येतेच." आणि पुढची बातमीही त्यांनीच दिली. येत्या गुरुवारी 'महाकरंट' होता. ताईंनी दिवसभर उपाशी राहायचं आणि संध्याकाळी स्टेजवर बसून, महाराज थांब म्हणेपर्यंत श्वासाचा भाता चालवायचा.

गुरुवारी दुपारी मी डॉक्टर अश्लेषांकडे साड्या दाखवायला गेले होते. वसाहतीच्या गेटाबाहेर त्यांचा लहानसा दवाखाना आहे. साड्या दाखवताना तोंड गप्प ठेवायची मला सवय नाही, म्हणून महाराजांचा करंट, कमळमुद्रा, सबस्टेशन सगळं सांगितलं. त्या हसत ऐकत होत्या. मग हातातली साडी त्यांनी बाजूला ठेवली.

"तुमच्या जाऊबाईंच्या गळ्यावर ऑपरेशनची खूण आहे का?"

"आहे. थायरॉइडची."

"आणि गोळ्या?"

"महाराजांनी बंद केल्या. अर्थिंग होतं म्हणून."

डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं. चहाही विचारला नाही.

थोड्याच वेळात त्या ताईंच्या समोर बसल्या होत्या. कानाच्या पुढे गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली, आणि ताईंचा वरचा ओठ टुणकन उडाला. परत मारली, परत उडाला. डॉक्टर दादांकडे वळल्या. "यांच्या रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलंय. आत्ता, याच क्षणी दवाखान्यात न्यायला हवं. संध्याकाळी यांना जोरजोरात श्वास घ्यायला लावलात तर फिट येऊ शकते, हृदय अडखळू शकतं. आणि तुम्ही त्याला समाधी म्हणाल."

दादांचे डोळे भक्तीने भरून आले होते. "पाहिलं ना मॅडम? नुसतं बोट लावलं तं ओठ उडला! करंटच हाय तो. तुम्हीच दाखवला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ताईही म्हणाल्या, "महाकरंट झाल्यावर जाऊ. महाराज रागावतील." त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला ओढून गाडीत घालता येत नाही.

तेव्हा मला दादांच्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली.

"दादा, लाइनवर काम करायच्या आधी तुम्ही काय करता?"

"शटडाउन घेतो. सप्लाय बंद करतो, परमिट घेतो, मंग हात लावतो. का?"

"आणि करंट कुठून येतोय ते शोधायचं असलं तर?"

"एकेक फीडर, म्हणजे सप्लायची एकेक लाइन, बंद करून पाहतो. साधी गोष्ट हाय."

"मग महाराजांचा फीडर तुम्ही एकदा तरी बंद करून पाहिला का?"

दादांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला, पाहिला, परत ठेवला.

संध्याकाळी समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर ताई, शेजारी महाराज. ढोलकीवाल्याने हात उचलला, तेवढ्यात गर्दीतून दादा उभे राहिले.

"महाराज, एक मिनिट. शटडाउन पाहिजे."

"काय पाहिजे?"

"शटडाउन. तुमचा सप्लाय बंद ठेवून एक टेस्ट घ्यायची हाय. डॉक्टर मॅडम घेतील."

महाराज गडगडून हसले. "वेड्या, देवाचा शटडाउन असते का?"

पण खालच्या माणसांत कोणी हसलं नाही. कंट्रोल रूमचे गोविंदाभाऊ शांतपणे म्हणाले, "नियम हाय महाराज. परमिटशिवाय इथं बल्ब बी नाही बदलत." दोन-चार माना हलल्या. श्रद्धा आपल्या जागी, सेफ्टी आपल्या जागी, असं ते वातावरण होतं.

महाराजांनी रंग ओळखला. "ठीक हाय. मी बाहेर गाडीत बसतो. पण माझी शक्ती दूरवर पोचते!"

"किती दूर?" दादांनी प्रामाणिकपणे विचारलं. "तेवढं सांगा, म्हणजे त्याच्या पलीकडं जाऊन बसता येईल."

महाराज अंतर न सांगताच बाहेर गेले. ढोलकी बंद झाली. डॉक्टरांनी ताईंना विचारलं, "ताई, दंडाला बीपीचा पट्टा बांधते. जरा दुखेल. श्वास नेहमीसारखा घ्यायचा. चालेल?" ताईंनी मान हलवली. दादा म्हणाले, "आधी दुसऱ्या फीडरवर." दुसरा फीडर म्हणजे मी.

माझ्या दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी तो घट्ट फुगवला आणि तसाच ठेवला. हात जड झाला, बधिर झाला, काळानिळा पडला. पण बोटं माझी माझ्या ताब्यात होती. ती मी सगळ्यांना हलवून दाखवली, आणि एक-दोन बायांकडे मुद्दाम जास्त हलवली.

मग पट्टा ताईंच्या दंडाला बांधला. ना मंत्र, ना ढोलकी, ना धापा, ना महाराज. ताई हळूहळू श्वास घेत होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मनगट वाकलं, बोटं सरळ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा आत गेला. कमळमुद्रा.

"जय..." कोणीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. जय कोणाचा म्हणायचा, ते कळेना.

पुढच्या रांगेत तुळसाबाई बसल्या होत्या. वसाहतीतल्या निम्म्या बायांना बांगड्या त्याच भरतात. त्या गुडघ्यांवर उठून पाहायला लागल्या. "अगं माय, कमळ कुठलं? हा तं बांगडी भराचा हात हाय! मी रोज बायायचे हात असेच आवळते."

डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा सोडली. हात आपोआप मोकळा झाला.

"ऐका," त्या म्हणाल्या. "गळ्यात, थायरॉइडच्या पाठीमागे, तांदळाच्या दाण्यांएवढ्या लहान गाठी असतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. ऑपरेशननंतर त्यांचं काम कधीकधी थंडावतं, म्हणून वरून गोळी द्यावी लागते. ती गोळी बंद केली. कॅल्शियम उतरलं की नसांवरचा ताबा सुटतो. त्या उगाचच इशारे पाठवतात, आणि हात असा आवळतो. पट्ट्याने रक्त थांबवलं की लगेच दिसतं."

"मंग आमाले काहून येते?" मागून एकाने विचारलं. "आमचं कुठं ऑपरेशन झालं?"

"तुम्ही धापा टाकता. उगाचच जोरजोरात श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, आणि रक्ताचा तोल बिघडतो. कॅल्शियम असतं, पण नसांना ते पुरेसं मिळत नाही. मग त्याच झिणझिण्या, तोच हात. घरी पंख्याखाली बसून केलंत तरी होईल. करू नका. महाराजांची गरज फक्त माइकवर ओरडायला आहे."

"अन् रडू येते ते? माही माय दिसली मले," एक बाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "तुमचं रडू खोटं नाही हो. मेंदूसुद्धा याच रक्तावर चालतो. त्याचा तोल गेला की भीती वाटते, भरून येतं, मनात दडलेलं वर येतं. आई तुमच्याच मनातली आहे. ती महाराजांनी आणली नाही."

दादा तोवर स्टेजवर चढले होते. त्यांनी ताईंची चप्पल शोधून त्यांच्या पायात घातली. "चाल वं," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन पाहिलं, तर महाराजांची गाडी जागेवर नव्हती. बिनवायरचा करंट देणारे महाराज डिझेलवर निघून गेले होते. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, त्यावर पहिली सही दादांची आहे.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ताईंना सलाइनमधून हळूहळू कॅल्शियम दिलं. मी दोन दिवस शेजारी बसून होते. हात मोकळे झाले, ओठांच्या मुंग्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दाराकडे बराच वेळ पाहिलं.

"गेला वं तो," त्या म्हणाल्या. "दारातला."

मला रडू आलं. ते खिडकीकडे तोंड करून आवरलं. पण ताई काही खूश दिसेनात. छताकडे पाहत पडून राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माहं भेव, माहं रडणं, दारातला मानूस, सारं एका चुन्याच्या गोळीवर? मी एवढीशीच हाव का सरिता? माहं मन एवढं स्वस्त?"

मला वाटतं, सगळ्या महाराजांचा धंदा याच एका दुखण्यावर चालतो. आपलं मन मिठावर, पाण्यावर, चुन्यावर चालतं, हे माणसाला कमीपणाचं वाटतं. त्यापेक्षा भूत बरं, देव बरा. त्यात निदान थाट असतो.

मी म्हटलं, "ताई, पॉवरहाऊसला ओला कोळसा आला आणि युनिट बंद पडलं, तर दादा काय करतात? युनिटच्या पाया पडतात का?"

"कोळसा पाहतात."

"मग युनिट त्याने स्वस्त होतं का? सगळं नागपूर त्याच्यावर उजळतं. तुमचंही तसंच आहे. पोट भाकरीवर चालतं याची लाज वाटत नाही, तर मन गोळीवर चालतं याची कशाला?"

त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "भाकरीवरून आठवलं, ह्या दवाखान्यातली भाजी लयच पानचट हाय वं." आणि हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.

पुढच्या गुरुवारी सवयीने बरीच माणसं समाजभवनात जमली. काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. ताई उठल्या आणि माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना भाषण येत नाही. बोलल्या त्या एवढंच.

"बायायनो, तुम्ही माह्या पाया पडल्या. नारळ देल्ले. माह्या हाताले डोकं लावलं. तेव्हा मी आतून भेवानं मरून राहिली होती. मले वाटे, कोणीतरी तोंडाकडं पाहीन अन् विचारीन. देव आला का म्हून साऱ्यायनं विचारलं. आता ज्या दिवशी कोणाले असं होईन, त्या दिवशी पाया नका पडू. जवळ बसा, अन् मले जे कोणीच विचारलं नाही ते आधी विचारा."

त्यांनी पदर सावरला.

"पुष्पलता, गोळी घेतली का वं?"